कीर्द हाताने, खतावणी यंत्राने

सहकारी गृहनिर्माण संस्थेचे मानद खजिनदारपद पत्करणाऱ्या सभासदाच्या हाती पूर्वीच्या खजिनदाराकडून आज जे दप्तर येते, त्यात पावतीपुस्तके, पासबुके आणि कापडी पाठीच्या वह्या यांच्याबरोबर बहुधा एक्सेलची एक फाइलही असते. आणि ज्यांची उमेदीची वर्षे कागदी हिशेबात गेली अशा पुष्कळ मंडळींना त्या वह्यांचे काही वाटत नाही, पण त्या फाइलीचे मात्र दडपण येते. हे दडपण अनाठायी आहे. ज्याने एकदा तरी रोजकीर्द लिहून तिच्यावरून खतावणी उतरवली आहे, त्याला स्प्रेडशीटचे मर्म केवळ कळा दाबण्यात तरबेज असलेल्या माणसापेक्षा लवकर उमगते, असे माझे निश्चित मत आहे. आणि अशा वाचकांसाठीच, चोवीस सदनिकांच्या एका संस्थेचा मासिक वसुलीचा हिशेब उदाहरणादाखल समोर ठेवून, या विषयाची प्राथमिक ओळख येथे करून देण्याचा विचार आहे.

आडव्या-उभ्या रेघांनी तक्ता आखून त्यात आकडे भरण्याची रीत जुनीच आहे. १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन या दोघांनी अ‍ॅपल-टू या छोटेखानी संगणकासाठी व्हिजिकॅल्क नावाचा प्रोग्रॅम सिद्ध केला, तेव्हा नवे घडले ते इतकेच, की तक्त्यातील कोणता आकडा कोणत्या आकड्यांवरून निघाला आहे, हे त्या तक्त्यालाच ठाऊक झाले. हार्वर्ड येथे व्यवस्थापनशास्त्राचे अध्ययन करीत असताना, फळ्यावरील कोष्टकात एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सारे आकडे पुसून पुन्हा मांडावे लागतात, हा ब्रिकलिन यांना जाणवलेला त्रास या शोधाच्या मुळाशी होता. पुढे १९८५ साली मायक्रोसॉफ्टचे एक्सेल प्रथम मॅकिन्टॉश संगणकावर आले आणि यथावकाश सर्वत्र रूढ झाले. आज एक्सेलखेरीज विनामूल्य मिळणारे लिब्रेऑफिस कॅल्क आहे, आणि ब्राउझरमध्ये किंवा मोबाइलवर चालणारे गूगल शीट्स आहे. यांपैकी कोणतेही घ्यावे. जे पुढे सांगितले आहे ते किरकोळ फरक सोडता तिन्हींना लागू पडते.

फाइल उघडताच जे पान दिसते त्यात उभे रकाने ए, बी, सी अशा अक्षरांनी आणि आडव्या ओळी १, २, ३ अशा अंकांनी ओळखल्या जातात, आणि दोहोंच्या छेदातून जे घर होते त्याला सेल म्हणतात; त्याचा पत्ता रकान्याचे अक्षर व ओळीचा अंक मिळून होतो, जसे बी२ किंवा ई१५. २००७ नंतरच्या एक्सेलमध्ये एका पानावर १०,४८,५७६ ओळी आणि १६,३८४ रकाने असतात, तेव्हा जागा पुरणार नाही ही चिंता आपल्या संस्थेला करण्याचे कारण नाही. (या लेखात सूत्रे देवनागरीत दिली आहेत, प्रत्यक्षात रकान्यांची अक्षरे आणि फंक्शनांची नावे रोमन लिपीत टंकावीत. शीर्षके, नावे आणि तपशील मात्र खुशाल मराठीत, युनिकोड टंकात लिहावेत.)

सेलमध्ये तीन प्रकारच्या गोष्टी मावतात: मजकूर, आकडा आणि सूत्र. यांतील पहिल्या दोहोंमधला भेद नवशिक्याने प्रथम अंगवळणी पाडला पाहिजे, कारण पुढील निम्म्याहून अधिक तक्रारी त्यातूनच उद्भवतात. आपण २५०० असे टंकून एंटर दाबले की तो आकडा सेलमध्ये उजव्या कडेला सरकून बसतो. पण ‘२५०० रु.’ असे टंकले तर यंत्राच्या दृष्टीने तो केवळ मजकूर होतो आणि डाव्या कडेला राहतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच वाचता येतात. परंतु बेरजेचे फंक्शन मजकुराकडे दुर्लक्ष करते आणि त्याबद्दल अवाक्षरही काढीत नाही, त्यामुळे बेरीज अडीच हजारांनी कमी येते आणि का ते कळत नाही. म्हणून रुपयाचे चिन्ह, स्वल्पविराम, टक्के हे सारे टंकू नये; ते त्या सेलच्या फॉरमॅटमधून लावावे. देवनागरी अंक टंकल्यावर आकडा डावीकडेच बसलेला दिसला तर तेथेही हीच गोष्ट घडली असे समजावे आणि अंक इंग्रजी घ्यावेत. विंडोजच्या रीजन या विभागात भारत निवडलेला असला म्हणजे १५६२५०० ही संख्या १५,६२,५०० अशी आपल्या लाख-कोटींच्या वळणाने दिसते.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. पुण्याच्या पेशवे दप्तरातील रोजकीर्दींपासून ते काल-परवापर्यंतच्या दुकानदाराच्या वहीपर्यंत आपल्याकडील हिशेबाची एक शिस्त अखंड चालत आली आहे: व्यवहार घडला त्या दिवशी, घडला त्या क्रमाने, कीर्दीत एकदाच लिहावयाचा, आणि मग कोणाच्या नावे किती, कोणत्या बाबीखाली किती, हे कीर्दीवरून खतावणीत उतरवून घ्यावयाचे. कीर्द हे मूळ आणि खतावणी ही तिच्यावरून निघालेली. स्प्रेडशीट वापरणारे बहुसंख्य लोक नेमकी हीच शिस्त मोडतात. ते प्रारंभीच बारा महिन्यांचे बारा रकाने आखून, सदनिकेसमोर ज्या महिन्याचे पैसे आले त्या घरात रक्कम भरतात. म्हणजे कीर्द न लिहिता एकदम खतावणीच लिहितात. मग एका सभासदाने दोन महिन्यांचे पैसे एकत्र दिले, दुसऱ्याने अर्धे रोख व अर्धे यूपीआयने दिले, तिसऱ्याचा धनादेश न वटता परत आला, की त्या घरात काय लिहावे याचा उलगडा होत नाही, आणि पावतीच्या क्रमांकाला तर तेथे जागाच नसते. माझ्या मते नवशिक्याला द्यावयाचा सल्ला एकच आहे: कीर्द आपण स्वतः, हाताने, काळजीपूर्वक लिहावी, खतावणी सर्वस्वी यंत्राकडे सोपवावी.

तेव्हा फाइलीच्या तळाशी जे टॅब असतात त्यांतील पहिल्याला ‘कीर्द’ असे नाव देऊन पहिल्या ओळीत शीर्षके लिहावीत. ए रकान्यात तारीख, बी मध्ये पावती किंवा व्हाउचर क्रमांक, सी मध्ये सदनिका, डी मध्ये बाब, ई मध्ये जमा, एफ मध्ये खर्च आणि जी मध्ये धनादेशाचा क्रमांक वगैरे तपशील. दुसऱ्या ओळीपासून नोंदी, एका व्यवहाराला एक ओळ. मध्ये रिकामी ओळ सोडू नये, शोभेसाठी सेल एकमेकांत मिसळू नयेत. आणि कागदी वहीत पान संपले की तळाशी बेरीज करून ती ‘मागील पानावरून’ म्हणून पुढे नेण्याची जी सवय आपल्या हाडीमासी खिळलेली असते, ती येथे कटाक्षाने टाळावी. कारण कीर्दीच्या मध्ये बसलेली बेरीज यंत्राला आणखी एक वसुलीच वाटते आणि एकूण रक्कम दुप्पट होते. महिनाअखेरची बेरीजसुद्धा कीर्दीत लिहू नये. ओळी वाढल्या की शीर्षके वर निघून जातात. ती डोळ्यांपुढे राहावीत म्हणून व्ह्यू या मेनूतील फ्रीझ पेन्सचा उपयोग करावा.

तारखेचा विषय जरा सविस्तर सांगणे अवश्य आहे. एक्सेल तारीख ही आतून एक संख्याच समजते: १ जानेवारी १९०० म्हणजे १, आणि त्या गणनेने १ एप्रिल २०२५ म्हणजे ४५७४८. यामुळेच दोन तारखांची वजाबाकी करून मधले दिवस काढता येतात. परंतु संगणक अमेरिकी पद्धतीवर ठेवलेला असेल तर आपण ५/४/२०२५ असे टंकलेली ५ एप्रिल ही तारीख तो ४ मे समजतो. आणि १५/४/२०२५ टंकले तर पंधरावा महिना नसल्यामुळे ती तारीख न राहता नुसता मजकूर होते. म्हणजे महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांच्या बहुतेक नोंदी चुकीच्या तारखेला आणि उरलेल्या कोणत्याच तारखेला नाहीत, असा प्रकार होतो. उपाय सोपा आहे: एक तारीख टंकून ती उजवीकडे बसली की नाही हे पाहावे, आणि महिन्याचे नाव अक्षरांत दिसेल असा फॉरमॅट त्या रकान्याला लावावा, म्हणजे चूक तत्काळ नजरेस पडते. आजची तारीख घालावयाची असेल तर कंट्रोल आणि अर्धविरामाची कळ एकत्र दाबावी. टुडे नावाचे फंक्शन कीर्दीत कदापि वापरू नये, कारण ते रोज बदलते, आणि गेल्या महिन्यातील पावतीवरही आजचाच दिवस दाखविते.

तारीख ओळखण्याचा यंत्राचा हा उत्साह अन्यत्रही नडतो. पहिल्या इमारतीतील दुसरी सदनिका म्हणून आपण १-२ असे टंकले की ती क्षणार्धात १ फेब्रुवारी होते. या उपद्रवाची व्याप्ती एवढी आहे, की मार्च-१ किंवा सेप्ट-१ यांसारखी लघुनावे असलेल्या मानवी जनुकांचे शास्त्रज्ञांच्या कोष्टकांत वारंवार तारखांमध्ये रूपांतर होऊ लागल्यामुळे, २०२० साली जनुकांच्या नामकरणाची जबाबदारी असलेल्या समितीने शेवटी ती नावेच बदलून घेतली. आपण सदनिकांना ‘ए-१०१’ अशी अक्षर असलेली नावे द्यावीत, हे उत्तम. ज्याची बेरीज कधीच करावयाची नसते असा क्रमांक, मग तो बँक खात्याचा असो वा आधारचा, मजकूर म्हणूनच ठेवावा, आणि त्यासाठी त्या रकान्याला टेक्स्ट हा फॉरमॅट भरण्यापूर्वीच लावावा. नाहीतर आरंभीची शून्ये गळून पडतात, आणि एक्सेल संख्येचे पंधराच सार्थ अंक धरून ठेवीत असल्यामुळे सोळा अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होऊन बसतो.

सदनिकेचे नाव प्रत्येक वेळी अक्षरशः एकसारखे लिहिले गेले पाहिजे. ‘ए-१०१’, ‘ए १०१’ आणि शेवटी नकळत एक स्पेस पडलेले ‘ए-१०१ ’ ही माणसाला एकच सदनिका वाटते, यंत्राला तीन. म्हणून चोवीस सदनिकांची यादी दुसऱ्या पानावर लिहून, डेटा या मेनूतील व्हॅलिडेशनच्या सोयीने सी रकान्यात त्या यादीतूनच निवड करता येईल अशी व्यवस्था प्रथमच करून ठेवावी. हे काम दहा मिनिटांचे आहे, आणि पुढे वर्षभराची रुजवात त्यावर अवलंबून असते.

आता सूत्रे. सेलमध्ये प्रथम बरोबरचे चिन्ह टंकले की पुढे जे येते ते हिशेब म्हणून वाचले जाते. =ई२+ई३ हे सूत्र त्या दोन घरांतील रकमांची बेरीज देते, आणि मागाहून ई२ मधील रक्कम दुरुस्त केली तर उत्तर आपोआप दुरुस्त होते. लांबलचक बेरजेसाठी =सम(ई२:ई३१) असे लिहितात; मधल्या विसर्गासारख्या चिन्हाचा अर्थ ‘पासून पर्यंत’. पण येथेही एक खाच आहे. बत्तीसाव्या ओळीत नवी नोंद झाली तरी सूत्राची हद्द एकतीसलाच संपलेली असते. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या हार्वर्डच्या दोन नामांकित अर्थशास्त्रज्ञांच्या २०१० सालच्या, सरकारी कर्ज व आर्थिक वाढ यांच्या संबंधावरील निबंधात सरासरीच्या सूत्राची हद्द अशीच अपुरी पडून वीसपैकी पाच देश गणनेबाहेर राहिले होते. आणि २०१३ साली ते उघड झाले ते थॉमस हर्नडन नावाच्या एका विद्यार्थ्याने त्यांची मूळ कोष्टके तपासली म्हणून. आपण बेरजा कीर्दीच्या पानावर न ठेवता दुसऱ्या पानावर ठेवणार असल्यामुळे सबंध रकानाच सांगावा: =सम(कीर्द!ई:ई). मग ओळी कितीही वाढोत, हद्दीचा प्रश्न उरत नाही.

‘खतावणी’ या पानावर ए रकान्यात दुसऱ्या ओळीपासून सदनिका, बी मध्ये १ एप्रिलची मागील थकबाकी, सी मध्ये आजवरची आकारणी, डी मध्ये वसूल आणि ई मध्ये येणे. वसुलीचे सूत्र असे: =समइफ(कीर्द!सी:सी, ए२, कीर्द!ई:ई). कीर्दीच्या सी रकान्यात जेथे जेथे ए२ मधील सदनिका आढळेल, त्या त्या ओळीची ई रकान्यातील जमा एकत्र करावी, असा त्याचा अर्थ. म्हणजे पूर्वी कारकून बोट ठेवून ओळीओळीने जी खतावणी उतरवीत असे, तीच ही. सूत्र टंकताना मध्येच कीर्दीच्या टॅबवर जाऊन रकान्याच्या माथ्यावर माउसने टिचकी मारली की त्याचा पत्ता आपसूक उमटतो. पाठ करावयाची गरज नाही. देखभाल, पार्किंग, व्याज या बाबी निरनिराळ्या मोजावयाच्या असतील तर दोन अटी स्वीकारणारे समइफ्स हे फंक्शन घ्यावे. येण्याचे सूत्र सरळच आहे: =बी२+सी२-डी२.

आकारणी आणि व्याज यांचे दर प्रत्येक सूत्रात लिहिणे हा मोठा दोष होय. त्यांच्यासाठी ‘दर’ नावाचे तिसरे पान करावे: बी१ मध्ये सर्वसाधारण सभेने ठरविलेला थकबाकीवरील वार्षिक व्याजाचा दर, समजा २१ टक्के, बी२ मध्ये मासिक आकार, २५००, बी३ मध्ये सरलेले महिने, जूनअखेर ३. आता मागील बाकी नसलेल्या आणि तिन्ही महिने काही न भरलेल्या सदनिकेचे येणे ७,५०० आणि त्यावरील एका महिन्याचे व्याज =ई२*दर!बी१/१२ या सूत्राने १३१ रुपये २५ पैसे येते, ते बरोबर. हे सूत्र सेलच्या उजव्या खालच्या कोपऱ्याला धरून खाली ओढले की पुढील ओळींत त्याच्या नकला होतात. पण नक्कल होताना पत्तेही एकेका ओळीने खाली सरकतात. ई२ चे ई३ झाले ते आपल्याला हवेच आहे, पण दर!बी१ चेही दर!बी२ होते, म्हणजे दराच्या जागी २५०० हा आकडा येतो, आणि तेवढीच थकबाकी असलेल्या दुसऱ्या सदनिकेचे व्याज १५,६२,५०० रुपये निघते. हे हास्यास्पद असल्यामुळे कोणाच्याही ध्यानात येईल. तिसऱ्या सदनिकेच्या ओळीत मात्र बी३ मधील ३ हा आकडा गुणला जाऊन १,८७५ रुपये येतात, आणि हा आकडा खरा वाटण्याजोगा असल्यामुळे देयकावर छापून सभासदाच्या दारात जाऊ शकतो. जो पत्ता सरकू द्यावयाचा नाही त्याच्या अक्षरापूर्वी आणि अंकापूर्वी डॉलरचे चिन्ह द्यावे, दर!$बी$१, मग नक्कल कोठेही होवो, तो पत्ता जागचा हलत नाही. हे एक चिन्ह नीट समजले की स्प्रेडशीटची निम्मी विद्या हस्तगत झाली असे मी मानतो. आकारणीचे सूत्रही त्याच न्यायाने =दर!$बी$२*दर!$बी$३ असे लिहावे. ज्याने आगाऊ पैसे भरले त्याचे येणे ऋण असते, आणि त्याला ऋण व्याज लागू नये म्हणून इफ हे अटीचे फंक्शन योजावे: =इफ(ई२>०, राउंड(ई२*दर!$बी$१/१२, ०), ०).

या सूत्रातील राउंडचे प्रयोजन असे. फॉरमॅट बदलून पैसे लपविले तर १३१.२५ हे १३१ दिसते, पण आत पैसे तसेच राहतात. अशा चार सदनिकांची बेरीज यंत्र ५२५ देते, आणि दिसणाऱ्या आकड्यांची बेरीज हाताने केली तर ५२४ भरते. सर्वसाधारण सभेत या एका रुपयावरून होणारा वाद टाळावयाचा असेल तर आकडा खरोखरच पूर्ण करून घ्यावा, नुसता तसा दाखवू नये.

यंत्राची बेरीज चुकत नाही, हे खरे. परंतु आपण त्याला योग्य रकमा योग्य ठिकाणाहून घ्यावयास सांगितले की नाही, याची जबाबदारी सर्वस्वी आपली. म्हणून चौथ्या पानाला ‘ताळा’ असे नाव द्यावे आणि त्यात =सम(कीर्द!ई:ई)-सम(खतावणी!डी:डी) हे सूत्र लिहावे. बँकेचे व्याज, सभागृहाचे भाडे अशा, कोणत्याही सदनिकेच्या नसलेल्या जमेसाठी खतावणीत ‘इतर’ ही पंचविसावी ओळ ठेवावी, तिला आकारणी, येणे आणि व्याज लावू नये, आणि खतावणीच्या तळाशीही बेरीज लिहू नये. मग उत्तर शून्य आले पाहिजे. आले नाही, तर कोठेतरी सदनिकेचे नाव चुकले आहे किंवा रिकामे राहिले आहे. त्याखाली दुसरा ताळा: आरंभीची शिल्लक अधिक एकूण जमा वजा एकूण खर्च ही रक्कम पासबुकातील शिल्लक आणि हातातील रोकड यांच्या बेरजेशी जुळली पाहिजे, न वटलेले धनादेश हिशेबात धरून. दर आठवड्याला हे पान उघडून पाहावे. चूक ताजी असताना पाच मिनिटांत सापडते, मार्चअखेर तीच शोधावयास रात्री जातात.

नोंदी तारखेच्या किंवा सदनिकेच्या क्रमाने लावून घेण्यासाठी सॉर्ट आणि हव्या तेवढ्याच पाहण्यासाठी फिल्टर ही साधने आहेत. सॉर्ट करताना एकच रकाना निवडून तो एकटाच लावला तर नावे हलतात आणि रकमा जागीच राहतात. हा अनर्थ कंट्रोल आणि झेड दाबून तत्काळ परतविता येतो, पण ध्यानात आला तरच. रकान्यात नुसत्या ##### अशा खुणा दिसल्या तर घाबरू नये, रकाना अरुंद आहे इतकेच. रुंद केला की आकडा दिसतो. #रेफ! असे दिसले तर मात्र सूत्र ज्याच्याकडे बोट दाखवीत होते ती ओळ किंवा तो रकाना कोणीतरी काढून टाकला आहे.

३१ मार्चच्या नोंदी पुऱ्या होऊन दोन्ही ताळे जुळले आणि हिशेबतपासनिसांनी काही दुरुस्त्या सुचविल्या असल्यास त्याही झाल्या, की त्या फाइलीची नक्कल करून तिच्या नावात वर्ष घालावे आणि मूळ फाइल वाचनापुरती, म्हणजे रीड-ओन्ली करून बाजूला ठेवावी. एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन सचिवांच्या ताब्यात द्यावी. नव्या वर्षाच्या नकलेत खतावणीच्या ई रकान्यातील येणे बी रकान्यात न्यावयाचे असते. ते साध्या पेस्टने नेले तर रकमांऐवजी सूत्रेच जातात आणि पत्ते सरकून ती निकामी होतात, सबब पेस्ट स्पेशलमधील व्हॅल्यूज हा पर्याय घ्यावा, म्हणजे सूत्र न जाता केवळ रक्कम जाते. हे झाल्यावरच जुन्या नोंदी कीर्दीतून काढाव्यात, आणि त्याही ओळी सबंध न उडविता आतला मजकूर तेवढा पुसून. आधी पुसल्या तर येणे पुन्हा मोजले जाऊन भलत्याच रकमा पुढे जातील. ‘दर’ या पानावरील महिन्यांचा आकडा एप्रिलसाठी १ करावा आणि ताळ्यातील आरंभीची शिल्लक नव्याने लिहावी. नंतर १ एप्रिलची पहिली नोंद करण्यापूर्वी बी रकान्यातील रकमांची बेरीज मागील वर्षाच्या ताळेबंदात ‘सभासदांकडून येणे’ म्हणून दाखविलेल्या रकमेशी ताडून पाहावी. आगाऊ भरणा देण्याच्या बाजूला वेगळा दाखविला असेल तर तेवढी रक्कम त्यातून वजा धरावी.